डोळा मारणारी मुलगी

अण्णा,

परवा मी माझ्या मुलीच्या थोबाडीत मारली. नऊ वर्षांची आहे ती. तुम्ही तिला पाहिलेलं नाही, तुम्ही गेल्यावर सहा वर्षांनी ती झाली. जेवायला समोर बसली होती, वरणभात कालवत होती, आणि माझ्याकडे बघून तिने डावा डोळा मिटला. उघडला, पुन्हा मिटला. मला विचार करायला वेळच मिळाला नाही. माझा हात टेबलावरून गेला तो तिच्या गालावर इतक्या जोरात बसला की ती खुर्चीसकट मागच्या भिंतीवर आदळली आणि ताटातलं वरण तिच्या अंगावर सांडलं. ती रडली नाही. गालाला हात लावून माझ्याकडे बघत राहिली, आणि तशी बघत असतानाच तिचा डोळा पुन्हा मिटला. "मम्मा, मी नाही करत आहे," ती म्हणाली. "आपोआप होतंय." मी तिथेच खाली बसले. तिच्या फ्रॉकवरचं वरण हाताने पुसत राहिले, आणि माझे हात मला तुमच्यासारखे दिसत होते.

तुम्हाला आठवतंय का ते मला ठाऊक नाही, पण मीही असंच म्हणाले होते. पाचवीत होते. कसब्यातली आपली ती जागा, पुढच्या खोलीत तुमचं तांब्याचं काम आणि मागच्या दोन खोल्यांत आपण चौघं. सकाळपासून तुमचा हातोडा सुरू असायचा. बंबाच्या पत्र्यावर एकेक घाव एकमेकाला चिकटून बसवत तुम्ही गोल फिरत जायचात, आणि गिऱ्हाईक कौतुकाने त्या ठोक्यांवरून बोट फिरवायचं. मी दप्तर घेऊन तुमच्या समोरून जात होते. डोळा कधीपासून मिटत होता हे मला आता सांगता येणार नाही. मला इतकंच आठवतं की पापणीच्या आत काहीतरी साठत यायचं, शिंक साठते तसं, आणि डोळा घट्ट मिटला की क्षणभर सुटल्यासारखं वाटायचं. मग परत साठायचं. तुम्ही हातोडा थांबवून विचारलंत, "कोणाला डोळा मारतेस?" मी म्हटलं, "आपोआप होतंय, अण्णा." तुम्ही हसलात. पहिल्या वेळी तुम्ही हसलात, हे मी विसरलेले नाही.

दुसऱ्या वेळेपासून हसला नाहीत. आधी टपली, मग कानाखाली, मग वेणी धरून भिंतीवर डोकं. आईने मला रस्त्याने खाली बघून चालायला शिकवलं. "जमिनीकडे बघायचं. कोणाकडे बघितलंच नाही तर कोण काय म्हणणार आहे?" शाळेत मी गालाचा आतला भाग दाताखाली धरून ठेवायची. दुखलं की डोळ्यातलं साठणं थोडं मागे हटायचं. तोंडात रक्ताची चव घेऊन मी गणितं सोडवलेली आहेत. बाई म्हणायच्या, शांत मुलगी, कधी मान वर करत नाही. आणि दिवसभर दाबून ठेवलेलं सगळं घरात पाऊल टाकलं की एकदम उसळायचं. डोळा, त्याच्या जोडीला खांदा, नाकातून फुरफुर. बाहेर कोणी पाहिलं नाही, कारण बाहेर मी दाबत होते. घरी आले की सुटायचं, आणि घरी तुम्ही होतात.

सहावीच्या उन्हाळ्यात कोपऱ्यावरचा वाणी आला. तुमच्यासमोर उभा राहून, अगदी सभ्यपणे, रस्त्यातल्या चार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "आपली कन्या फार हुशार आहे म्हणे. आमच्या मुलाला गल्ल्यावर बसवायची सोय राहिली नाही. साखर घ्यायला येते आणि डोळा मारून जाते. आपण लक्ष घातलंत तर बरं, नाहीतर आम्ही दुकानाला पडदा लावून घेतो." तुम्ही त्याला "हो" म्हणालात. एवढंच. तो गेला, तुम्ही पुढचं दार ओढून घेतलंत आणि मला हाक मारलीत. भर दुपार होती. जमिनीवर पत्र्याच्या कापून उरलेल्या पट्ट्या पडल्या होत्या. त्यातली एक तुम्ही उचललीत. पाठीवर पहिली बसली, दुसरी दंडावर. मी ओरडत होते, आई दाराच्या पलीकडून तुम्हाला हाका मारत होती, आणि मी जितकी घाबरत होते तितका तो डोळा भराभरा मिटत होता. मी त्याला थांब थांब म्हणत होते. तुम्हाला वाटलं मी चिडवते आहे. "माझ्यासमोर? माझ्यासमोर मारतेस?" तुम्ही म्हणालात आणि तिसऱ्यांदा पट्टी तोंडावर आली. तांब्याची धार डाव्या भुवईपासून पापणीपर्यंत उतरली. मला आधी दुखलं नाही. फक्त अर्धी खोली लाल झाली.

दवाखान्यात तुम्ही सांगितलंत, खेळताना पत्रा लागला. आईने मान डोलावली. सात टाके पडले. डोळा वाचला, पण पापणी कायमची थोडी खाली आली, आजही फोटोत दिसते. आणि अण्णा, टाके काढायच्या आतच उजवा डोळा मिटायला लागला.

मग धाकट्या भावाची पाळी आली. तो माझ्याहून पाच वर्षांनी लहान. आठ वर्षांचा असताना, दिवाळीच्या सुट्टीत, त्याचा डोळा फडफडायला लागला. पुढे मान झटकायला लागला, घशातून हुक् हुक् असा आवाज यायला लागला. मी वाट बघत होते. खोटं कशाला बोलू, मी वाट बघत होते की आता त्यालाही बसेल. तुम्ही त्याला मांडीवर घेतलंत. आईला म्हणालात, "याला काहीतरी होतंय." आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, तिथून मोठ्या हॉस्पिटलात लहान मुलांच्या मेंदूच्या डॉक्टरांकडे. त्या दिवशी तुम्ही काम बंद ठेवलंत. स्कूटरवर तो पुढे उभा, मी मागे, कारण आत त्याला धरून ठेवायला कोणीतरी हवं होतं. डॉक्टर वयस्क होते, हळू बोलायचे. त्यांनी त्याला खडूने चित्र काढायला दिलं आणि तो काढत असताना नुसते बघत राहिले. मग तुम्हाला विचारलं, "मारता का याला?"

"छे, छे. लहान आहे हो."

"मारू नका. रागावूही नका. हे त्याच्या हातात नाही. मेंदूकडूनच तसा हुकूम येतो, तो काय करणार? याला टिक्स म्हणतात. जितकं टोकाल तितकं वाढेल." त्यांनी काहीतरी लिहिलं. "घरात आणखी कोणाला आहे असं? भावंडं, काका, आजोबा?"

"नाही," तुम्ही म्हणालात.

मी तुमच्या शेजारच्या स्टुलावर बसले होते. हात मांड्यांखाली दाबलेले, जीभ दातांत. डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, माझ्या पडलेल्या पापणीकडे पाहिलं. "आणि ही?"

"ही मोठी. हिला काही नाही. हट्टी आहे जरा."

"हं. मुलग्यांतच जास्त दिसतं हे. मुलींमध्ये बरंच कमी." आणि ते औषधाचे डोस समजावून सांगायला लागले. त्या पाचदहा मिनिटांत मी एकदाही डोळा मिटला नाही. तुम्ही मला इतकं चांगलं तयार केलं होतंत. बाहेर आल्यावर मी बाथरूमला जाते म्हणून गेले, कडी लावली आणि आरशासमोर उभी राहिले, तेव्हा डोळे, खांदा, मान, सगळं एकदम सुटलं आणि थांबेचना. तुम्ही दार वाजवून म्हणालात, "झोपलीस का आत?"

घरी पोचल्यावर आई चहा टाकत होती. मी हिंमत केली. डॉक्टरांनीच शब्द दिला होता, तो हातात काठी धरावी तसा धरून मी म्हटलं, "अण्णा, मलापण तेच आहे. टिक्स. त्याच्यासारखंच होतं मला, आधीपासून होतं." तुम्ही कप खाली ठेवलात, उठलात आणि उलट्या हाताने माझ्या तोंडावर दिलीत. ओठ फुटला. "भावाचा आजारसुद्धा हवा का तुला?" तुम्ही म्हणालात. "त्याचं दुखणं आणि तुझे चाळे एक करतेस?" धाकटा कोपऱ्यात हुक् हुक् करत होता. आई गाळणं हातात धरून उभी होती, आणि चहा ओट्यावरून खाली गळत होता.

पुढच्याच वर्षी शाळेत त्याला एका मास्तरांनी छडी मारली, वर्गात आवाज काढतो म्हणून. तुम्ही कामाच्या कपड्यांत तसेच शाळेत गेलात, मास्तरांची कॉलर धरलीत आणि त्यांना फळ्यावर दाबून धरलंत. "त्याच्या हातात नाही ते," तुम्ही ओरडलात. "आजार आहे त्याला. पुन्हा हात लावलात तर हात मोडीन." हे त्यानेच मला घरी येऊन सांगितलं, डोळे मोठे करून. त्याला अभिमान वाटत होता. मलाही वाटला, आणि तुमचा गळा आवळावासाही वाटला. म्हणजे तुम्हाला कळत होतं. सगळं कळत होतं. फक्त ते माझ्यापर्यंत आणायचं नव्हतं.

ती वर्षं तुम्हालाही वाईट गेली, हे मी आज म्हणू शकते. बंब लोकांना नकोसे झाले, बाथरूमच्या भिंतीवर गीझर आले. घंगाळांच्या जागी प्लॅस्टिकच्या बादल्या आणि स्टीलचे पिंप. आपल्या ओळीतले हातोडे एकेक करून थांबत गेले. तुम्ही हॉटेलांसाठी शोभेच्या वस्तू केल्यात, त्यात तुमचं मन नव्हतं. मी कॉमर्स करता करता कॉम्प्युटरच्या क्लासला जात होते. बोटं कळफलकावर असली आणि डोळे पडद्यावर असले की माझा खांदा शांत राहतो, हे मला तिथे कळलं. तासन्‌तास शांत. ते सुख मला कोणाला सांगता येत नव्हतं. तुम्हाला वाटायचं, मी घर टाळते. टाळतच होते म्हणा.

एकविसाव्या वर्षी मला बघायला आले. रविवारी सकाळी, आई, वडील आणि मुलगा. मी पोहे घेऊन गेले, सगळ्यांना वाकून नमस्कार केला, बसले. अर्धा तास मी गाल चावून काढला. मग त्यांनी विचारलं, स्वयंपाक येतो का, आणि उत्तर द्यायला मी तोंड उघडलं. तोंड उघडलं की गाल सुटतो. उजवा डोळा मिटला, खांदा कानापर्यंत उडाला, पुन्हा, पुन्हा. मुलाचे वडील हसले. "पसंती कळली आम्हाला," ते म्हणाले, "मुलीने आधीच डोळा मारला." सगळे हसले आणि पोहे अर्धे टाकून निघून गेले. तुम्ही त्यांना कोपऱ्यापर्यंत पोचवायला गेलात.

परत आलात ते दार लावूनच. माझी वेणी मनगटाला गुंडाळलीत आणि मला पुढच्या खोलीत ओढत नेलंत. साडीचा पदर दारात अडकून टरकन फाटला. काम करायच्या त्या लोखंडी ठोकळ्यावर तुम्ही माझं डोकं दाबलंत. गाल लोखंडाला, वर तुमचा उजवा हात वेणीसकट, आणि डाव्या हाताने तुम्ही पाठीत गुद्दे घालत होतात. शब्द काय वापरलेत ते मी लिहीत नाही. मी हिसडा देऊन मान बाहेर काढली, तशी ठोकळ्यावर नुसती वेणी आणि ती दाबून धरलेली तुमची बोटं राहिली. माझा हात जमिनीवर चाचपडत होता. त्याला हातोडा लागला. घाव तुमच्या बोटांवर बसला. मला आवाज आठवतो. तांब्याचा नव्हता, सुकी काटकी मोडते तसा होता.

तुम्ही ओरडला नाहीत. हात पोटाशी धरून भिंतीला टेकून बसलात. आई धावत आली, तिने तुमच्या हाताकडे पाहिलं, माझ्या हातातल्या हातोड्याकडे पाहिलं. "काय केलंस गं?" आणि मी म्हटलं, "हात उडाला माझा. आपोआप. खांदा उडतो ना, तसा हात उडाला."

रिक्षात आपण तिघं होतो. तुमच्या हाताला आईच्या जुन्या साडीचा तुकडा गुंडाळलेला. हॉस्पिटलात तरुण डॉक्टर होता. फोटो बघून म्हणाला, तीन बोटं मोडली आहेत, कसं झालं? आई तुमच्याकडे बघत होती. मी जमिनीकडे बघत होते. आणि तुम्ही, घामाने थबथबलेले, म्हणालात, "मुलीला आजार आहे. तिचा हात आपोआप उडतो. तिचा दोष नाही. तिच्या हातात नाही ते."

अकरा वर्षं ते वाक्य मी मागत होते.

त्यानंतर तुम्ही मला कधी हात लावला नाहीत. बोटं वाकडीच जुळली, हातोडा मुठीत बसेना. सहा महिन्यांत काम बंद झालं आणि पुढच्या खोलीत झेरॉक्सचं मशीन आलं. पाहुण्यांसमोर माझा खांदा उडाला की तुम्ही म्हणायचात, "आजार आहे तिला, लक्ष देऊ नका." मला नोकरी लागली, हिंजवडीकडे कंपन्या उभ्या राहात होत्या तेव्हाचीच. बसमध्ये, कँटीनमध्ये, मीटिंगमध्ये मी खांदा उडवत जगले. कामावर भेटलेल्या एका माणसाने एकदा विचारलं, "हे दुखतं का?" आणि मी त्याच्याशी लग्न केलं. तुम्ही लग्नात डाव्या हाताने अक्षता टाकल्यात.

आता परवाचं सांगते. मारल्याच्या दुसऱ्या दिवशी मी मुलीला डॉक्टरांकडे नेलं. या बाई आहेत, माझ्यापेक्षा लहान. मी आधी सांगितलं की मी हिला काल मारलं. त्यांनी ते लिहून घेतलं आणि मुलीला विचारलं, "गाल दुखतोय का गं अजून?" ती म्हणाली, "थोडा." मग घरात कोणाला आहे का हा प्रश्न आला. मी म्हटलं मला, माझ्या भावाला. "आणि तुमच्या आईवडिलांपैकी?" मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि थांबले. तुम्ही डोळ्यांसमोर आलात. दर दहाबारा घावांनी हातोडा थांबवून डावा खांदा वर उडवायचात, घसा खाकरायचात. दिवसभर. देवळात, जेवताना, त्या वयस्क डॉक्टरांसमोर "नाही" म्हणतानासुद्धा. आम्हाला वाटायचं तुमची लकब आहे, कामाने खांदा भरून येत असेल. गल्लीतली पोरं तुमची नक्कल करायची आणि तुम्हीही हसायचात. एवढ्या वर्षांत कोणी त्याला नाव दिलं नाही आणि त्यासाठी तुम्हाला हातही लावला नाही. की लावला होता? तुम्ही लहान असताना आजोबांनी? तुमच्या पाठीवर ते जुने वळ होते, आंघोळीच्या वेळी दिसायचे. आई म्हणायची, भट्टीचे डाग. मी हे तुम्हाला कधी विचारलं नाही.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "मुलींमध्ये कमी असतं हे खरं आहे. पण ज्यांना असतं त्या दाबून ठेवतात, घरचेही झाकतात, त्या आमच्यापर्यंत येतच नाहीत. मग आम्हाला वाटतं, आणखीच कमी आहे." मुलगी खिडकीपाशी उभी राहून बिनधास्त डोळा मिटत होती. मी तिला काही बोलले नाही. माझे हात मी पर्सवर ठेवले होते.

त्या संध्याकाळी मी तिला माझी गोष्ट सांगितली, आपल्या घरातली, तिला झेपेल एवढी. तुमची बोटं कशी मोडली हेही तिने विचारलं, कारण मामाकडून तिने काहीतरी ऐकलं होतं. मी सांगितलं, माझा हात उडाला. भावालाही हेच माहीत आहे, नवऱ्यालाही, आईही जाईपर्यंत हेच सांगत राहिली. तुम्ही काय घेऊन गेलात ते मला माहीत नाही. चाळीस वर्षं हातोडा धरलेल्या माणसाला उडालेला हात आणि नेमका घातलेला घाव यातला फरक कळला नसेल, असं मला वाटत नाही. पण तुम्ही त्यावर कधी बोलला नाहीत, आणि हे पत्र नेऊन द्यावं अशी कुठली जागा नाही, असती तरी मी ते तिथे टाकलं नसतं. म्हणून इथेच लिहिते. माझा हात उडाला नव्हता, अण्णा. त्या वेळी माझं अंग जितकं स्थिर होतं तितकं आयुष्यात कधी नव्हतं. तुमची बोटं बघून, मोजून मी मारलं. आई दारात आली तेव्हा हातोडा माझ्या डोक्याच्या वर होता, दुसऱ्यांदा उचललेला.